मागच्या टाकीत परत येणारं पेट्रोल

मनालीहून लेहला जायचं म्हणून बाइकच्या मागच्या कॅरिअरवर ५ लिटरची जादा टाकी बसवली. वाटेतल्या टांडीच्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किमी' ही पाटी प्रसिद्धच आहे. मागची टाकी मुख्य टाकीपेक्षा खाली, त्यामुळे मध्ये १२ व्होल्टचा छोटा पंप. बटण दाबलं की पेट्रोल पुढे.

पण सकाळी बघतो तर मागची टाकी पुन्हा भरलेली, हवेच्या नळीतून ठिबकतेय आणि सगळीकडे पेट्रोलचा वास! आधी पंपावरच संशय घेतला. मग पारदर्शक नळी लावून बघत बसलो. पंप बंद करताच नळीतला एक बुडबुडा थबकला आणि हळूहळू उलटा, मागे सरकू लागला. नळीचं टोक मुख्य टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेलं, म्हणजे सरळसरळ सायफन, वरच्या टाकीतलं पेट्रोल भरलेल्या नळीतून आपोआप खालच्या टाकीत उतरत होतं!

हा उलटा प्रवाह अडवायला पहिल्यांदा फिशटँकचा स्वस्त व्हॉल्व्ह लावला. तो चुकूनही लावू नका, आतलं रबर पेट्रोलने फुगतं. शेवटी पेट्रोलला टिकणारा, स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाहू देणारा) आणला. बाण मुख्य टाकीकडे करून पंपाच्या पुढे बसवला, दोन्हीकडे क्लिप घट्ट केल्या. शिवाय नळीचं टोक कापून झाकणाच्या अगदी खाली आणलं, म्हणजे ते पेट्रोलमध्ये बुडतच नाही. माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकू शकतो. काम उघड्यावर, बॅटरीची वायर काढूनच केलं.

रात्री मागच्या टाकीवर मार्करने रेघ मारली. सकाळी पेट्रोल रेघेवरच होतं.