घाटमाथ्यावर मोठा पेट्रोल पंप येतोय: हरकत कुठे, कशी आणि केव्हा घ्यायची

डोंगरातल्या गावाच्या तोंडाशी पंप, त्याला जोडून हॉटेल, दुकानं आणि ट्रक उभे करायला सपाट केलेलं रान, ही बातमी गावाला बहुतेक वेळा पोकलेन लागल्यावरच कळते. मग मोर्चा निघतो, पेपरात फोटो येतो आणि फाइल आपल्या गतीने पुढे सरकत राहते. पंप अडवायची खरी जागा म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली ती फाइल आणि खरी वेळ म्हणजे ना हरकत दाखला निघायच्या आधीची. खालची सगळी मेहनत त्या मुदतीत बसवायची आहे.

फाइल आधी शोधा

क्रम साधारण असा असतो. तेल कंपनी डीलर निवडते आणि इरादापत्र देते. मग पेट्रोलियम नियम, २००२ मधल्या नियम १४४ खाली जागेच्या नकाशासह जिल्हा प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो. ग्रामीण भागात हे प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. ते तहसीलदार, पोलीस, बांधकाम विभाग, नगररचना, ग्रामपंचायत, गरजेप्रमाणे वन विभाग यांचे अभिप्राय मागवतात. चौकशी तीन महिन्यांत संपवायची असते. दाखला मिळाला की कागद 'पेसो'कडे, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेकडे, परवान्यासाठी जातात. बिनशेती, बांधकाम परवानगी आणि रस्त्याला जोड देण्याची परवानगी ही तीन वेगळी दारं आहेत.

बहुतेक जिल्ह्यांत ही फाइल गृह शाखेत असते. तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. त्यामुळे बिनशेतीचे कागद त्याच अर्जात मागू नका, त्यासाठी दुसरा अर्ज करा. मजकूर कोरडा ठेवा: 'मौजे अमुक, गट क्र. तमुक येथील पेट्रोल पंपासाठी आलेला ना हरकत अर्ज, सोबतचा जागेचा नकाशा, अभिप्रायासाठी पाठवलेली पत्रे व आलेले अहवाल यांच्या प्रती द्याव्यात. फाइलची पाहणी करू द्यावी.' 'परवानगी का दिली' असं विचारलंत तर 'कारणमीमांसा देता येत नाही' एवढंच उत्तर येईल. पेसो केंद्र सरकारची संस्था असल्याने तिचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून करावा.

उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणजे तीन महिन्यांतला एक गेला. म्हणून त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे पानभराची प्राथमिक हरकत द्या आणि 'निर्णयापूर्वी आम्हाला सुनावणी द्यावी' हे वाक्य त्यात घाला. पंपासाठी कायद्याने जनसुनावणी बंधनकारक नाही, ती मागावी लागते. आवक नंबर आणि शिक्का असलेली पोहोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

गावाचा ठराव

आधी ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक पाहा. दोन-तीन वर्षांपूर्वी मासिक सभेत 'ऐनवेळच्या विषयात' ना हरकत देऊन झालेली असते आणि निम्म्या सदस्यांना ते आठवतही नसतं. तसं असेल तर ती रद्द करणारा ठराव वेगळा लागतो. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली कमी असलेली संख्या. ठरावात गट क्रमांक, सूचक-अनुमोदकाची नावं आणि कारणं यायलाच हवीत. नुसता 'तीव्र विरोध' लिहिलेला ठराव फाइलला लागतो, पण निर्णय बदलत नाही. सह्यांच्या यादीत सुट्टीत येणारे बंगलेवाले वेगळ्या पानावर घ्या. मतदार नसलेली दहा नावं मिसळली की समोरचा वकील सगळी यादीच खोटी ठरवतो.

चढ मोजा, तोही लवकर

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. १:५ म्हणजे २० टक्के, अंशांत सुमारे सव्वाअकरा. इथे हमखास घोळ होतो: २० टक्के आणि २० अंश एकच समजतात. २० अंश म्हणजे तब्बल ३६ टक्के चढ.

मोजायला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पातळी फसवते. टेप जमिनीवर टाकू नका, आडवा ताणून धरा आणि ५ मीटरवर दोन काठ्या उभ्या करा. वरच्या काठीवर पाणी ०.४ मीटरला आणि खालच्या काठीवर १.५ मीटरला दिसलं, तर फरक १.१ मीटर, म्हणजे २२ टक्के. जागेवर चार-पाच रेषांत असं मोजा, प्रत्येक मोजमापाचा तारीख दिसणारा फोटो काढा आणि सोबत मोजणीचा नकाशा ठेवा. खासगी जागेत घुसून मोजू नका. शेजारच्या बांधावरून आणि रस्त्यावरून जेवढं जमेल तेवढंच. आत तहसीलदारांकडून पंचनामा मागा.

घाई यासाठी, की पाहणीच्या आत डोंगर कापून सपाट केला जातो आणि मग 'जागा समतल आहे' असा अहवाल येतो. गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं इथे कामी येतात. परवानगीशिवाय माती-मुरूम उचलला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली तहसीलदार दंड करू शकतात आणि ४८(८) खाली मशिनही जप्त करू शकतात. काम प्रत्यक्ष थांबवणारा हा सगळ्यात झटपट अर्ज आहे.

एक खड्डा चुकवा. ही एकत्रित नियमावली केंद्राने जाहीर केलेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांना आणि लोणावळा नगरपरिषदेला लागू नाही. महाबळेश्वर-पाचगणीसाठी १७ जानेवारी २००१ ची आणि माथेरानसाठी ४ फेब्रुवारी २००३ ची अधिसूचना आहे. तिथे हरकत त्या अधिसूचनेच्या कलमांवर आणि विकास आराखड्यावर उभी करा. पश्चिम घाटाचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा मात्र मसुदाच आहे. शिवाय त्यातल्या मनाईचा रोख खाणी, औष्णिक वीज, लाल श्रेणीतले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि प्रचंड बांधकामं यांवर आहे. त्याच्यावर सगळी भिस्त ठेवणं म्हणजे वाळूवर घर बांधणं.

५० मीटर कुठून कुठे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० ला नव्या पंपांसाठी अंतर ठरवलं: शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि स्थानिक कायद्याने निश्चित केलेलं निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर. अडचण असेल तर जादा सुरक्षा उपायांसह कमी चालतं, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. पंपावरून उच्चदाब वीजवाहिनीही जाता कामा नये. लोक हे अंतर कुंपणापासून मोजतात आणि तोंडघशी पडतात. ते टाकीत इंधन भरायचं तोंड, वितरण यंत्र आणि व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा नळ) यांपैकी जवळचं जे असेल त्यापासून मोजतात. म्हणूनच नकाशाची प्रत आधी हवी. रानातलं एकटं घर 'निवासी क्षेत्रात' धरलं जाईलच असं नाही. गावठाणाची हद्द किंवा आराखड्यातला निवासी पट्टा दाखवा.

वळणावरची नजर

राष्ट्रीय महामार्ग असेल तर रस्ते मंत्रालयाचे निकष, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. डोंगरी भागाचे निकष मैदानाहून सैल आहेत: मैदानात किमान भूखंड ३५ बाय ३५ मीटर, डोंगरात २० बाय २०. त्यामुळे मैदानी आकडे हरकतीत टाकू नका. तीव्र वळण आणि ५ टक्क्यांहून जास्त चढ टाळावा, हा भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतला निकष जास्त उपयोगी आहे.

थांबण्यासाठी लागणारं दृष्टिअंतर ताशी ४० किलोमीटरला ४५ मीटर, ५० ला ६० मीटर. तपासायला बांबूवर १.२ मीटरवर खूण करा, ती चालकाच्या डोळ्याची उंची. पंपाच्या प्रस्तावित तोंडाशी १५ सेंटिमीटर उंचीची वस्तू ठेवा आणि खुणेपाशी डोळा नेऊन ती किती अंतरावरून दिसते ते पाहा. रस्त्याच्या कडेनेच, दिवसा, आणि दोन्ही बाजूंना झेंडा घेतलेला माणूस उभा करून. पावसाळ्यात गवत वाढल्यावर हे पुन्हा मोजा, आकडा बदलतो.

पाण्याचा पुरावा काम सुरू होण्याआधीचा

महाबळेश्वरच्या पठारावर वर जांभा आणि खाली बेसॉल्ट. जांभ्यातून मुरलेलं पाणी दोन्हींच्या सांध्यावर झऱ्यांनी बाहेर पडतं. जमिनीखालची टाकी गळली तर इंधन त्या पाण्याबरोबर खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरू शकतं. पेट्रोलमधल्या बेन्झीनची पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आज झरे स्वच्छ असल्याचा अहवाल हातात नसेल, तर उद्या गळती कुणाची हे सिद्ध होत नाही.

नमुना बिसलेरीच्या बाटलीत नेऊ नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या आणा, त्यात आम्ल आधीच घातलेलं असतं. कुपी काठोकाठ, पण उतू न जाऊ देता भरा, नाहीतर आम्ल वाहून जातं. झाकण लावून उलटी करा. बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण बेन्झीन त्या हवेत निघून जातं. बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून १४ दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी.

कुठे फसतं

प्रतिस्पर्धी पंपवाल्याचा पैसा किंवा सही घेऊ नका. चित्रपटगृहाच्या ना हरकत दाखल्यावरून झालेल्या जसभाई मोतीभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच धंद्यातल्या स्पर्धकाला 'बाधित व्यक्ती' मानायला नकार दिला आहे. 'अधिकाऱ्याने पैसे खाल्ले' हेही पुराव्याशिवाय लिहू नका. सगळे मुद्दे एकाच वीसपानी निवेदनात कोंबून दहा जणांना प्रत पाठवणं हा सर्वात मोठा अपव्यय. अंतराचा मुद्दा जिल्हाधिकाऱ्यांना, वळणाचा बांधकाम विभागाला, उत्खननाचा तहसीलदारांना, उताराचा नगररचनेला: प्रत्येकी दोन पानं, सोबत फोटो आणि मोजमाप.

दाखला निघूनच गेला असेल तर वाट अरुंद होते. पेट्रोलियम नियमांतल्या नियम १५० खाली तो रद्द करण्याचं कारण मुख्यतः जागेवरचा हक्क संपणं हे आहे. तेव्हा सातबारा, फेरफार आणि भाडेपट्टा बारकाईने तपासा. पेट्रोलियम कायदा हरित न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत नाही. पुण्याच्या पीठाकडे जाताना मांडणी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, अंतराच्या निकषांवर आणि अधिसूचनेवर करावी लागते. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी एक हजार रुपये आणि मुदत सहा महिने. दाखल्यालाच आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात रिट. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये.

पंप टळत नाही असं दिसलं तर सुनावणीत अटी लेखी मागा: दुहेरी भिंतीच्या टाक्या, आवाराचं पावसाचं पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतूनच बाहेर, उताराच्या खालच्या बाजूला निरीक्षण विहिरी आणि त्यांचे अहवाल ग्रामपंचायतीला. तोंडी कबुलीला किंमत शून्य. अट दाखल्याच्या मजकुरात छापून आली आहे का, हे वाचूनच बाहेर पडा.