एन्जिनएक्समध्ये यूआरएल रीराइट: जाताना काढलेलं परतीला लावायचं कसं

समजा, साइटवर /दुकान/ या पत्त्याखाली वेगळं ॲप चालवायचंय. ॲप त्याच सर्व्हरवर ३००० पोर्टवर आहे आणि त्याला फक्त /यादी, /बिल असे पत्ते कळतात. मधलं 'दुकान' प्रॉक्सीने, म्हणजे ब्राउझर आणि ॲप यांच्यामध्ये बसलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने, गाळायचं आहे. (निर्देशांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती इंग्रजी लिपीत लिहा.)

ॲपमध्येच बेस पाथची सेटिंग असेल तर तिथे /दुकान/ द्या आणि पत्ता जसाच्या तसा पुढे पाठवा. रीराइट (वाटेत पत्ता बदलणं) टाळता आला तर टाळावाच.

नसेल, तर 'लोकेशन /दुकान/' लिहा आणि आत 'प्रॉक्सी_पास'च्या पत्त्यात ३००० नंतर स्लॅश द्या. रीराइटची ओळ लागतच नाही. हा स्लॅश द्यायचा राहिला, की ॲपकडे अख्खं /दुकान/यादी जातं आणि ४०४ ('पान सापडलं नाही') येतो. उलट, लोकेशनचा शेवटचा स्लॅश विसरलात तर ॲपला //यादी मिळतं, शिवाय /दुकानदार हा पत्ताही त्याच नियमात अडकतो. दोन्हीकडे स्लॅश हवा.

लोकेशन रेजेक्सचं (पत्ता नमुन्याशी जुळवून पाहणारं) असेल तर प्रॉक्सी_पासमध्ये पाथ देता येत नाही, अगदी शेवटचा स्लॅशसुद्धा. कॉन्फिगच नापास होतं. तिथे रीराइट वापरा आणि पुढे 'ब्रेक' लावा. 'लास्ट' लावलं तर बदललेल्या पत्त्यासाठी लोकेशनचा शोध पुन्हा सुरू होतो. तोच नियम परत लागू होत राहिला तर दहा फेऱ्यांनंतर ५०० (सर्व्हरची चूक) येतो. प्रश्नचिन्हापुढचा भाग रेजेक्स पाहत नाही, पण तो आपोआप जोडला जातो. नको असेल तर नव्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवा.

खरी डोकेदुखी परतीच्या वाटेवर असते. ॲपने रीडायरेक्ट करताना उत्तराच्या 'लोकेशन' हेडरमध्ये (हा वरच्या लोकेशन नियमाहून वेगळा) /लॉगिन पाठवलं तर ब्राउझर मुख्य साइटच्या /लॉगिनवर जाऊन आदळतो. 'प्रॉक्सी_रीडायरेक्ट'ची मूळ सेटिंग ॲपच्या पूर्ण पत्त्याने सुरू होणारंच बदलते. म्हणून / चं /दुकान/ करा असं स्पष्ट लिहा. ॲप कुकीचा पाथ स्वतःच्या पत्त्यांप्रमाणे, म्हणजे /बिल असा देत असेल तर ब्राउझर ती /दुकान/बिलला पाठवत नाही; 'प्रॉक्सी_कुकी_पाथ'ने तसाच बदल करा. एचटीएमएलमधल्या /सीएसएस/ सारख्या लिंका मात्र यातून सुटत नाहीत. 'सब_फिल्टर'ने त्या बदलता येतात, पण ॲप जीझिप केलेलं (दाबून लहान केलेलं) उत्तर देत असेल तर तो काहीच करत नाही. म्हणून ॲपकडे जाणारं 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' हेडर रिकामं करा. त्यात एक खोच आहे: लोकेशनमध्ये एकही 'प्रॉक्सी_सेट_हेडर' लिहिलं, की वरच्या पातळीवरची सगळी गळून पडतात. 'होस्ट'सकट सगळी तिथे पुन्हा लिहा.

बदल केल्यावर 'एन्जिनएक्स -टी'ने फाइल तपासा, मगच रीलोड करा. चाचणी कर्ल या कमांडच्या -आय पर्यायाने घ्या, कारण ब्राउझर जुना ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) लक्षात ठेवतो; नवं रीडायरेक्ट आधी तात्पुरत्या ३०२नेच चालवून पाहा. नियम कुठे जुळतोय ते कळत नसेल तर 'रीराइट_लॉग' चालू करा आणि एरर लॉग 'नोटिस' पातळीवर आणा.