वापरलेली माशांची टाकी: पारखून घेणे आणि पुन्हा उभी करणे

पुण्यात वापरलेल्या माशांच्या टाक्या वर्षभर विकायला येत असतात. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार घर किंवा शहर बदलतात, तेव्हा टाकी सोबत नेणे त्यांना परवडत नाही, आणि शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे-जून महिन्यांत अशा जाहिराती विशेष वाढतात. त्यामुळे थोडा धीर धरला, तर नव्या टाकीच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत उत्तम टाकी मिळू शकते. मात्र व्यवहार ठरवताना किंमत फक्त काचेची आणि सांध्यांतील सिलिकॉनची करावी. सोबत मिळणारे फिल्टर, दिवे, हीटर, खडी आणि प्लास्टिकची झाडे ही फुकट मिळाली असे समजावे, कारण त्यांतील निम्म्या वस्तू पुढे बदलाव्याच लागतात.

जाहिरातींमध्ये ‘दोन फुटी’, ‘तीन फुटी’ एवढाच उल्लेख असतो, तो पुरेसा नाही. लांबी, रुंदी, उंची आणि काचेची जाडी ही चारही मापे विचारून घ्यावीत. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर, तर तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी येते. नव्याने मासे पाळणाऱ्यांनी जागा असल्यास मोठी टाकी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी जितके जास्त, तितका त्यातील तापमानाचा आणि घाणीचा चढउतार सावकाश होतो आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. काचेवरचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, तर पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. म्हणून दीड फूट उंचीच्या तीन फुटी टाकीला ८ मिलिमीटर जाडीची काच असावी. दोन फूट उंचीच्या चार फुटी टाकीला १२ मिलिमीटरची काच असेल तरच निश्चिंत राहता येते. विक्रेत्याच्या सांगण्यावर न थांबता वरच्या कडेवर पट्टी लावून जाडी स्वतः मोजावी.

शक्य असेल तर पाणी आणि मासे असलेली, चालू टाकीच पाहायला जावे. गच्चीवर उन्हापावसात पडून राहिलेल्या किंवा मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मांडलेल्या टाकीची किंमत आणखी कमी असते, परंतु ती पाणी धरते की नाही, हे तिथे कळायला मार्ग नसतो. चालू टाकीखालचे लाकूड किंवा प्लायवूड फुगले आहे का, स्टँडच्या पायांवर पांढरे ओघळ आहेत का, हे पाहिले की गळतीचा इतिहास आपोआप समोर येतो. त्यानंतर मोबाइलचा दिवा कोपऱ्यांवर तिरपा धरून सिलिकॉन पाहावे. हे सिलिकॉन दोन ठिकाणी असते: दोन काचांच्या मधल्या फटीतला थर, जो टाकी जोडून धरतो, आणि आतल्या कोपऱ्यात ओढलेली पट्टी, जी त्या थराचे रक्षण करते. आतली पट्टी थोडी सुटली असेल, नखाने उचलली जात असेल किंवा तिच्याखाली हिरवे शेवाळ शिरले असेल, तर ती नव्याने ओढता येते. काचांच्या मधल्या थरात मात्र बुडबुडे, पांढरट डाग किंवा कडेपासून आत सरकत गेलेली पोकळी दिसली, तर ती टाकी सोडून द्यावी. घरी तिचे सांधे उकलून पुन्हा जोडता येतात हे खरे, पण दीड फूट उंचीच्या टाकीसाठी तो धोका पत्करण्याइतकी बचत होत नाही.

काचेवरून बोट फिरवून कडा आणि कोपरे तपासावेत. वरच्या कडेचा बारीक टवका चालतो; सांध्यापर्यंत पोहोचलेला टवका किंवा केसासारखी तडा चालत नाही. ओरखड्यावरून नख ओढून पाहावे. नख अडकत असेल तर तो ओरखडा कायमचा आहे आणि पाणी भरल्यावरही समोरून दिसत राहील. पांढऱ्या क्षारांच्या थराला मात्र घाबरू नये, तो निघतो. विक्रेत्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: टाकीत कधी तांबेयुक्त औषध वापरले होते का? तांब्याचा अंश खडीत आणि सांध्यांत राहू शकतो. माशांना तो सहन झाला तरी कोळंबी आणि गोगलगाईंसाठी तो घातक ठरतो.

टाकीसोबत मासेही घ्यावे लागतील अशी अट अनेकदा असते. ते कोणते आहेत हे पाहून मगच होकार द्यावा. विशेषतः काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा एक फुटाहून मोठा होतो आणि दोन फुटी टाकीत त्याचे हालच होतात. नको असलेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत, पण मुठेत, पाषाण तलावात किंवा कात्रजच्या तलावात कधीही सोडू नयेत. परदेशी मासे एकदा तग धरून राहिले की स्थानिक माशांचे अन्न आणि अंडी दोन्ही संपवतात, आणि हे नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

वाहतुकीपूर्वी टाकीतील पाणी, दगड आणि खडी पूर्णपणे काढावी. तळाशी दोन इंच पाणी ठेवून टाकी उचलली, तर हेलकाव्याने सांधे सुटतात. दीड फूट उंचीची तीन फुटी रिकामी टाकीच तीसेक किलोची भरते, त्यामुळे ती दोघांनी तळाला हात घालून उचलावी. वरच्या कडेला धरून उचलू नये. छोट्या टेम्पोत गादी अंथरून त्यावर थर्माकोल ठेवावे, टाकी तळावर उभीच ठेवावी आणि चालकाला गतिरोधकांवर वेग कमी करण्याची विनंती करावी.

घरी आल्यावर लगेच सजावट करू नये. गॅलरी किंवा पार्किंगमध्ये, सावलीतल्या सपाट जागी थर्माकोल व त्यावर कोरडी वर्तमानपत्रे पसरून टाकी ठेवावी आणि पाणसळीने चारही बाजू तपासाव्यात. आधी एक तृतीयांश पाणी भरून काही तास थांबावे, मग दोन तृतीयांश, आणि शेवटी काठाच्या दोन इंच खालपर्यंत. पूर्ण भरलेली टाकी ४८ तास तशीच राहू द्यावी. कागद कुठे ओला झाला, यावरून गळतीची जागा कळते.

आतली पट्टी बदलायची असल्यास जुनी पट्टी ब्लेडने संपूर्ण खरवडावी, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. अर्धवट काढलेली पट्टी हेच पुन्हा गळण्याचे नेहमीचे कारण असते. खरवडताना ब्लेड काचांच्या मधल्या थरात घुसू देऊ नये. काच ॲसिटोनने पुसून, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, एकाच ओढीत सिलिकॉन लावावे, ओल्या बोटाने दाबावे आणि टेप ताबडतोब काढावी. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे साधे पारदर्शक सिलिकॉन घ्यावे. बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात सहज पुढे केले जाते, पण त्यातील रसायन माशांना विषारी असते. नवे सिलिकॉन वरून एका दिवसात कोरडे दिसले, तरी आठवडाभर पाणी भरू नये. नंतर गळतीची चाचणी पुन्हा घ्यावी.

स्वच्छतेसाठी साबण, डिटर्जंट किंवा भांड्यांचा द्रव कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. त्यांचा अंश सिलिकॉनमध्ये राहतो. क्षारांच्या थरावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागद अर्धा तास चिकटवून ठेवावा आणि मग घासावे. रोगजंतूंसाठी घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग असे द्रावण १५ मिनिटे ठेवून टाकी अनेकदा धुवावी, शेवटच्या पाण्यात क्लोरीन काढणारे औषध घालावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत ती वाळू द्यावी. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही कामांच्या मध्ये टाकी भरपूर पाण्याने धुवून घ्यावी. जुनी खडी टाकून नवी घेणे श्रेयस्कर. नवीन दगडांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर दगडात चुना आहे आणि तो पाणी कठीण, म्हणजे क्षारयुक्त, करील. दगड उकळू नयेत, कारण आतल्या ओलाव्याने ते फुटू शकतात.

जुन्या हीटरची काच आणि वरचे रबरी बूच नीट पाहावे. किंचितही तडा असेल किंवा आत बाष्प धरले असेल तर तो फेकून द्यावा. चांगला दिसणारा हीटरही बादलीतील पाण्यात बुडवून, थर्मामीटर लावून, काही तास चालवून पाहावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खालीच टपकेल आणि सॉकेटमध्ये शिरणार नाही. घराच्या वीजजोडणीला अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे हे फिल्टरपेक्षाही महत्त्वाचे आहे.

भरलेली तीन फुटी टाकी स्टँड, दगड आणि पाण्यासह अडीचशे किलोंच्या पुढे जाते. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरलेला असतो आणि तो खोलीभर विभागलेला असतो, म्हणून अशी टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर, भिंतीलगत ठेवावी. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशीच्या माळ्यावर मोठी टाकी ठेवूच नये, आणि चार फुटांपुढच्या टाकीसाठी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. थेट ऊन पडणारी जागाही टाळावी.

पाण्याच्या बाबतीत पुण्याचे दोन भाग पडतात. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी मऊ असते, पण त्यात क्लोरीन असते, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झाल्यावर त्याचे प्रमाण वाढू शकते. वाघोली, उंड्री यांसारख्या भागांतील बऱ्याच सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते आणि ते कठीण असते. गप्पी आणि मॉली कठीण पाण्यात सुखाने राहतात; निऑन टेट्राला मऊ पाणी मानवते. पाणी बदलण्याऐवजी पाण्याला साजेसे मासे निवडणे अधिक सोपे आहे. सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आलेले पाणी मात्र वापरू नये, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते.

आता ज्या टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो तो टप्पा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. धुवून स्वच्छ केलेल्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे अन्न मासे नसलेल्या टाकीत टाकावे आणि चाचणी संचाने पाणी तपासत राहावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातील रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा हीटरशिवाय ही वाढ फारच मंदावते. पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवावे. विक्रेत्याची टाकी चालू असेल आणि तिचे मासे निरोगी दिसत असतील, तर तिच्या फिल्टरचा स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात भिजता ठेवून त्याच दिवशी आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. यामुळे वाट पाहण्याचा काळ बराच कमी होतो. मासे आजारी असतील, तर हा मोह टाळावा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य दाखवू लागले आणि नायट्रेट दिसू लागले, की अर्धे पाणी बदलून पहिले चार-पाच लहान मासे सोडावेत. पिशवी पाण्यावर पंधरा मिनिटे तरंगत ठेवून, थोडे-थोडे टाकीतले पाणी पिशवीत घालून, मग मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी आत ओतू नये. पुढचे मासे आणण्यापूर्वी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि त्या काळात दर दोन दिवसांनी अमोनिया तपासावा.