कच्च्या कैद्यांवर पॉडकास्ट करताना आमच्या झालेल्या चुका, तुम्ही टाळा

धुळ्यात शिकणाऱ्या आम्ही पाच जणांनी गेल्या वर्षी प्रकल्प म्हणून पॉडकास्ट केला. विषय होता कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेली माणसं. तीन भाग केले आणि त्यातले दोन पुन्हा करावे लागले. यंदा कुणी असाच विषय घेणार असेल, तर आमचं कुठे चुकलं ते आधी वाचा.

सुरुवातीलाच सायरन

पहिल्या भागाच्या सुरुवातीला आम्ही पोलीस गाडीचा सायरन आणि लोखंडी दार आपटल्याचा आवाज टाकला होता. ऐकायला दमदार वाटायचं. पण त्यानंतर बोलणारी प्रत्येक व्यक्ती ऐकणाऱ्याच्या मनात गुन्हेगार होऊनच येत होती. संहितेतही (स्क्रिप्टमध्येही) तेच झालं होतं. ‘चोराला पकडलं’ असं आम्ही सहज लिहून गेलो होतो, तिथे ‘चोरीच्या आरोपाखाली अटक झाली’ असं हवं होतं. संहिता झाली की एकाने फक्त एवढ्यासाठी ती वाचायची: आरोपी, संशयित, दोषी हे शब्द जागच्या जागी आहेत ना? पोलीस कोठडी (चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात) आणि न्यायालयीन कोठडी (न्यायालयाच्या आदेशाने तुरुंगात) यांचीही आमच्याकडून सरमिसळ झाली होती.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या तुरुंगविषयक अहवालात देशात 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे. चारातले तीन. आम्ही उत्साहाच्या भरात बोललो, ‘चारातले तीन कैदी निर्दोष आहेत.’ असं म्हणता येत नाही. त्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही, एवढंच हा आकडा सांगतो. आणि तेवढंही पुरेसं गंभीर आहे.

कायद्याचं कलम तर आम्ही जुनंच सांगितलं. आमच्या टिपणात फौजदारी प्रक्रिया संहितेचं 436 अ होतं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामिनाचा हक्क. पण 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 479 प्रमाणे, आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसासाठी ही मुदत एक तृतीयांशावर आली आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकेल अशा गुन्ह्यांना ही सवलत नाही आणि एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचे खटले चालू असतील तरी अडचण येते. सुटकाही आपोआप होत नाही, तुरुंग अधीक्षकांनी न्यायालयात अर्ज करायचा असतो. कायदा शिकवणाऱ्या एका मॅडमनी ऐकून हे सांगितलं नसतं, तर एखाद्या कैद्याच्या घरच्यांनी आमच्या भरवशावर चुकीची आशा धरली असती. कायद्याचं प्रत्येक वाक्य प्रसारणाआधी जाणकाराला ऐकवाच. शेवटी उपयोगाची माहितीही द्या: कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो आणि हेल्पलाइन 15100 आहे. आम्ही पहिल्या वेळी हे सांगितलंच नव्हतं.

माणसाचा आवाज ‘शुद्ध’ करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. शिरपूर तालुक्यातल्या एका मावशींचा मुलगा आत होता. जामीन मंजूर झाला होता, पण हमीदार मिळत नव्हता. मावशी अहिराणीत बोलत होत्या. ‘मना आंडोर’ म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. आम्ही म्हटलं, सगळ्यांना कळलं पाहिजे, जरा मराठीत सांगाल का? त्यांनी सांगितलं. ‘माझा मुलगा’ म्हणाल्या आणि ती गोष्ट जणू शेजारणीची झाली. अर्ध्या तासाचं ते रेकॉर्डिंग आम्ही बाजूला ठेवलं आणि पुन्हा गेलो. आता त्यांची अहिराणी तशीच आहे, मध्ये आमची एक मैत्रीण दोन वाक्यांत मराठी अर्थ सांगते. पावरी किंवा भिलीत बोलणारं कुणी भेटलं तरी हेच करा, फक्त अर्थ सांगणारा त्या बोलीतलाच हवा.

1932 साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. ती प्रवचनं त्यामुळेच आज आपल्या हातात आहेत. हातात फोन असताना आम्ही तेवढं लक्ष देऊन ऐकत नव्हतो.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. मावशींच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नावावर बीप होता, पण गावची यात्रा आणि नाक्यावरचं दुकान तसंच राहिलं होतं. आमच्याच वर्गातल्या एकाने गाव ओळखलं. अल्पवयीन मूल किंवा लैंगिक अत्याचारातली पीडित व्यक्ती असेल तर ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात

• व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला आवाज दबतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
• दोन फोनांवर रेकॉर्ड करत असाल तर दोन्हींचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, सारखा ठेवा (48 किलोहर्ट्झ). तरीही लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू पुढेमागे सरकू शकतात.
• मे महिन्यात कूलर बंद करायला जीवावर येतं, तरी बंद करा. त्याची घरघर नंतर काढली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.
• कोर्टाच्या आवारात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका.

प्रसारणाआधी ऐकवलं नाही

पहिल्या वेळी आम्ही संमतीची सही घेतली आणि निघालो. दुसऱ्या वेळी तयार भाग घेऊन मावशींच्या ओट्यावर बसलो. त्यांनी पूर्ण ऐकला आणि एकच वाक्य काढायला सांगितलं. वकिलासाठी शेळ्या विकल्या, ते. मुलाला अजून माहीत नव्हतं. आमच्या मते तेच सगळ्यात जोरकस वाक्य होतं, म्हणून भागाची सुरुवात त्यानेच केली होती. ओट्यावर बसूनच ते काढलं.