समुद्राकाठच्या महागड्या हॉटेलात मित्रांबरोबर जेवायचं असेल तर

बेळगावकराला मासा आणि समुद्र दोन्ही एका ताटात हवे असले की तो चोर्ल्याच्या वाटेला लागतो. जांबोटी, कणकुंबी, घाट उतरून साखळी, की अडीच-तीन तासांत पणजी. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बांगडा खाऊन येणं आपल्याला सवयीचं आहे. पण पांढऱ्या टेबलक्लॉथवर एकामागोमाग पाच-सहा कोर्स येणार असतील तर थोडी तयारी लागते.

आधी कालनिर्णय उघडा. पाच मित्रांत एकाची संकष्टी, एकाचा गुरुवार आणि एकाच्या घरी श्रावण असतोच. माणशी हजारोंचं जेवण आणि एक जण पनीर चिवडतोय, हे बघवत नाही. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशासाठी ते दोन महिने सोडा. नाताळ ते एक जानेवारी तर जाऊच नका.

टेबल फोनवरून ठरवा. ‘समुद्राकडचं टेबल’ म्हणजे कठड्यालगतचं की मागच्या रांगेतलं, हे स्पष्ट विचारा. माणशी दर करासकट की कर वेगळा? शाकाहारी माणसाला प्रत्येक कोर्समध्ये काय मिळेल? हाफपँट आणि चप्पल चालते का? वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची घ्या. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, मे महिन्यात सातच्या. अंधार पडल्यावर समुद्राचा नुसता आवाज उरतो आणि पैसे मात्र तेवढेच पडतात.

मुक्काम तिथेच करा. पेल्याबिल्याचा बेत असेल तर रात्री घाट चढायचा विचारही नको. धुकं, वळणं आणि समोरून येणारे ट्रक. आणि जाताना वाटेत वड्यावर ताव मारू नका. आमच्यातल्या एकाने जांबोटीत दोन प्लेट हाणल्या आणि तिसऱ्या कोर्सला पट्टा सैल करून समुद्राकडे बघत बसला.

टेबलावर बसलात की काट्या-सुऱ्यांची रांग बघून बावरू नका. बाहेरच्या बाजूने सुरुवात करायची, प्रत्येक कोर्सला एकेक जोडी आत सरकायचं. चुकलंच तर वेटर न बोलता दुसरा चमचा आणून ठेवतो. सुरुवातीला घासभर काहीतरी येतं, ते शेफकडून असतं, सहसा त्याचे पैसे नसतात. गरम पाव आणि लोणी मात्र सापळा आहे, एकावर थांबा. दोन कोर्सच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. ‘अजून आलं नाही काय ओ?’ म्हणून हाक मारू नका, ती वेळ गप्पांसाठीच असते.

खरा खेळ मुख्य माशाचा. ठरलेल्या कोर्सबाहेरचं काही मागवत असाल तर मेनूत किमतीच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं दिसेल. म्हणजे ‘अ‍ॅज पर साइज’, किंमत आकाराप्रमाणे. आम्ही एकदा न विचारता शेवंड, म्हणजे लॉबस्टर, मागवली. बिलावरचा तिचा आकडा बघून टेबल गप्प झालं. चूक आमचीच. वजन कच्च्या मालाचं धरतात, त्यात डोकं आणि कवचही आलं. खायला हाती लागतो तो त्यातला थोडाच भाग. तेव्हापासून मासा ट्रेमध्ये टेबलापाशी आणायला सांगतो. डोळा फुगीर आणि चमकदार हवा, खोल गेलेला नको. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक पाहिजे. तपकिरी असेल तर दुसरा मागा. बोटाने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं. मग तिथेच वजन करून घ्या आणि विचारा, ‘दादा, हा शिजवून केवढ्याला पडेल?’ बेळगावच्या मासळी बाजारात आपण एवढं बघतोच, इथे एसी आहे म्हणून लाजायचं कशाला? मोठी तांबोशी किंवा चणक असेल तर अर्धी गोव्याच्या लाल, आंबट-तिखट रेशाद मसाल्यात, अर्धी नुसती लोणी-लसणात करून मिळेल का, तेही विचारा. आम्हाला बहुतेक ठिकाणी करून दिली.

गोडात बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा केक, असेल तर घ्या. आपल्या बेळगावच्या कुंद्याशी तुलना करत बसू नका.

बिल वाचा. खोलीभाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी सहसा १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा, आणि ज्याने खरंच चांगलं वाढलं त्याच्या हातात टिप ठेवा.

पैसे एकानेच भरावेत, पण वाटणी त्याच रात्री उरका. सकाळी घाटात मोबाईलची रेंज जाते, आणि बेळगावात पोचल्यावर तो विषय कोणी काढत नाही.