स्केचअपमध्ये कपाट काढताय? या चुका टाळा

ड्रॉवर अर्ध्यावर जाऊन अडकला तेव्हा तात्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तात्या म्हणजे आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मिस्त्री. टेप लावला, "साहेब, सूतभर कमी पडतंय" एवढंच म्हणाले आणि चहाला गेले. मी लॅपटॉप उघडून स्केचअप या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल तीनदा तपासलं. मॉडेलमध्ये ड्रॉवर अगदी लोण्यासारखा आत जात होता.

भानगड अशी होती. बॉक्स ६०० मिमी रुंद, बाजू १८ मिमीच्या, म्हणजे आतलं माप ५६४. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो, दोन्हीकडचे मिळून २५.४. म्हणून मी ड्रॉवर ५३८ चा काढला आणि वर ०.६ मिमी ढील राहिली म्हणून खूश झालो. पण बॉक्सला आतून ०.८ मिमीचा लायनर (प्लायवर चिकटवायचं पातळ लॅमिनेट) लागला, दोन बाजूंचे झाले १.६. ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून तोच लायनर, आणखी १.६. एकूण ३.२. तात्यांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. माझी ढील वजा केली तरी अडीच मिमीच्या वर तूट. टेप न लावताही त्यांना ते कळलं असतं.

तेव्हापासून मी मॉडेलमध्ये प्लायची जाडी काढत नाही, तयार फळीची काढतो. दोन्हीकडून लायनर असेल तर १९.६, शटरला, म्हणजे दाराला, बाहेरून १ मिमीचा सनमायका आणि आतून लायनर असेल तर १९.८. प्रीलॅम (लॅमिनेट आधीच चिकटवलेला) बोर्ड वापरत असाल तर त्यावरचा थर जाडीत धरलेलाच असतो, तिथे पुन्हा मिळवू नका. शिवाय १८ म्हणून आलेला प्लाय १८ असेलच असं नाही. माल उतरला की चारही कोपऱ्यांना जाडी मोजायचा व्हर्नियर लावा आणि मगच कटलिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी, काढा. लॅमिनेटच्या वेगळ्या ०.८ च्या फळ्या मात्र काढत बसू नका. मॉडेल जड होतं आणि कटलिस्टचा पार गोंधळ उडतो.

२४ इंच म्हणजे ६०० नव्हे

गिऱ्हाईक फुटात बोलतं, मिस्त्री सुतात, मशीन मिमीमध्ये. मधले दुभाषे आपण. २४ इंच म्हणजे ६०९.६ मिमी. ६०० आणि त्याच्यात फरक ९.६ चा, म्हणजे तीन सूत. एका बॉक्सला कुणाच्या लक्षातही येत नाही. ओट्याखाली असे चार बॉक्स ओळीने लावले की दीड इंचाचा फरक पडतो, आणि शेवटचा बॉक्स एकतर भिंतीत घुसतो किंवा झुरळांना गल्ली सोडतो. साइटवर टेपच्या मिमीच्या बाजूनेच माप घ्या आणि फाईल उघडताना टेम्प्लेटही मिमीचंच निवडा. अर्ध्या कामानंतर युनिट बदललं तर मापं ६०९.६ अशीच दिसत राहतात, ती आपोआप गोल होत नाहीत.

आकड्याआधीची ती लाट

मापाच्या आधी '~' असं चिन्ह दिसलं तर तिथेच थांबा. स्केचअप सांगतंय की दाखवलेला आकडा गोल केलेला आहे. '~५६३' म्हणजे ते ५६२.६ असू शकतं, ५६३.४ सुद्धा. 'मॉडेल इन्फो'मध्ये 'युनिट्स' उघडून प्रिसिजन एका दशांशावर न्या, खरा आकडा समोर येईल. तिथेच 'लेंग्थ स्नॅपिंग' बंद करा. ते चालू असलं की माऊसने ओढलेली लांबी ठरावीक टप्प्यांवरच थांबते, आणि कोपरा जुळल्यासारखा दिसतो पण जुळलेला नसतो. सगळ्यात बरं म्हणजे माप ओढायचंच नाही, कीबोर्डवर टाइप करायचं.

कटलिस्टमध्ये १३.५ मिमीचा प्लाय कुठून आला?

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी नवा मुलगा विचारतो. उत्तर एकच असतं: 'स्केल' टूल. ६०० चा बॉक्स ४५० चा करायचा होता, बाजूने धरून दाबला, झाला. पण स्केल सगळंच दाबतं, बाजूंची जाडीसुद्धा. १८ गुणिले ४५० भागिले ६०० केलं की १३.५ येतं. स्क्रीनवर डोळ्यांना कळत नाही. कळतं ते कटलिस्टमध्ये, आणि तीही न वाचता पाठवली तर थेट कटिंगवाल्याच्या फोनवर.

बॉक्स लहान करायचा तर एक बाजू 'मूव्ह'ने १५० आत घ्या, मग तळ, माथा, फळ्या, पाठ आणि शटर 'पुश-पुल'ने तेवढंच कमी करा. वेळ लागतो, लागू द्या. त्याआधी 'मेक युनिक' करायला, म्हणजे ती प्रत बाकीच्यांपासून वेगळी करायला, विसरू नका. कंपोनंटची एक प्रत बदलली की बाकी सगळ्या प्रती बदलतात, आणि शेजारच्या ६०० च्या बॉक्समधली फळीही गुपचूप ४५० च्या मापाची होते.

दोन्ही बाजू डाव्या

ही चूक सॉफ्टवेअर करत नाही, तरी त्याच्यामुळेच होते. डावी बाजू काढली, चॅनेलची आणि फळीच्या खुंट्यांची भोकं मारली, आरशातल्यासारखी उलटी करून उजवी ठेवली. कंपोनंट एकच, म्हणून कटलिस्टमध्ये ओळ एकच: 'बाजू, नग २'. ड्रिलिंगवाला पोरगा दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून एकसारखी भोकं पाडतो. पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर यायची ती ओळ एका फळीवर मागे जाते. दोन डाव्या बाजूंचं कपाट उभं राहत नाही, आणि लॅमिनेट लावलेली फळी बुजवूनही चांगली दिसत नाही.

मी आता दोन्ही बाजू वेगळे कंपोनंट ठेवतो आणि नावातच डावी-उजवी लिहितो. तात्या त्यावरही समाधानी नाहीत. ते दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवतात आणि पुढच्या कडांवर पेन्सिलने एक त्रिकोण काढतात, अर्धा या फळीवर, अर्धा त्या. मग त्यांना माझ्या कागदाची गरज उरत नाही.

कटलिस्टबद्दल बाकी थोडक्यात. ओपनकटलिस्ट हे फुकट एक्स्टेंशन चांगलं आहे, पण त्यात करवतीच्या पात्याची जाडी भरा. मशीनचं पातं तीन-चार मिमी खातं, त्यामुळे १२२० च्या शीटमधून ६१० च्या दोन पट्ट्या कधीच निघत नाहीत. लाकडाच्या रेषांचा सनमायका असेल तर तुकडे फिरवायची मुभा काढून घ्या, नाहीतर एका शटरच्या रेषा उभ्या आणि शेजारच्याच्या आडव्या. आणि लिस्टच्या डोक्यावर ठळक लिहा की मापं एजबँडसहित (कडेला चिकटवायच्या पट्टीसह) आहेत की त्याशिवाय. २ मिमीची पट्टी दोन्ही कडांना असेल तर फरक ४ मिमीचा होतो. तो तुम्हीही वजा केला आणि कटिंगवाल्यानेही, तर शटरच्या फटीतून आतले डबे दिसतील.

फाईल उघडत नसेल तर आधी आवृत्ती बघा. कित्येक वर्कशॉपमध्ये अजून २०१७ ची 'स्केचअप मेक' आहे, फुकट मिळणारी ती शेवटची डेस्कटॉप आवृत्ती. नव्या आवृत्तीतली फाईल तिच्यात उघडत नाही. डिझायनरला 'सेव्ह ॲज' करून जुन्या आवृत्तीत पाठवायला सांगा.

कपाट बसतं, पण उभं राहत नाही

यात माझे सगळ्यात जास्त पैसे गेले, म्हणून शेवटी ठेवलंय. फॉल्स सीलिंगखाली उंची २४५०, कपाट २४०० उंच आणि ६०० खोल. मॉडेलमध्ये वर ५० मिमीची फट दिसते, छान. बॉक्स जमिनीवर आडवा जोडला आणि चौघांनी उचलून उभा करायला घेतला. तिरका होताच वरचा कोपरा सीलिंगला लागला. ६०० बाय २४०० चा कर्ण भरतो २४७४. स्केचअपमध्ये कपाट उभंच जन्माला येतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे पडतच नाही. त्या दिवशी बॉक्स खोलून, उभ्यानेच पुन्हा जोडावा लागला आणि जिप्समला चिरा गेल्या त्या वेगळ्याच.

आता खालची १०० ची बैठक मी वेगळी काढतो आणि बॉक्स २३०० चा ठेवतो. त्याचा कर्ण २३७७. तो आधी जमिनीवर उभा राहतो, मग बैठकीवर चढतो. पाठवण्याआधी मॉडेलमध्येच बॉक्स 'रोटेट'ने आडवा करून पुन्हा उभा करून बघतो, कोपरा सीलिंगला लागतो का ते. लिफ्टचं आतलं माप आणि जिन्याचं वळणही आता फाईलमध्ये काढलेलं असतं. तात्या म्हणतात, "एवढं काढलंत, तर उचलायला चार माणसंही काढा."