कुणाचं रेकॉर्डिंग घ्यायचं? चर्चचं क्वायर संगीत ऐकायला लागणाऱ्यांसाठी

जर्मन संगीतकार बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या यातनांची कथा क्वायर (गायकांचा समूह) आणि वाद्यांतून सांगणारी मोठी रचना, ऐकायचंय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुणाचं ऐकू? ॲपवर टाकलं की कव्हरांची रांगच लागते. बेस्टच्या याद्या वाचत बसू नका. आपण अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकतो आणि वसंतरावांचाही ऐकतो, दोन्ही ठेवतो, पण दोघांत काय वेगळं आहे ते आपल्याला नीट माहीत असतं, इथेही तेच करायचंय.

त्यासाठी अख्खं तीन तासांचं काम चारदा ऐकायची गरज नाही. एकच जागा धरा आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तेवढीच ऐका. पॅशनमध्ये मी पहिला कोरस, म्हणजे समूहगान, घेते. त्यात दोन क्वायर आहेत, पहिला म्हणतो बघा, दुसरा मधेच विचारतो कोणाला? पुन्हा बघा, तर कसं? जर्मनमध्ये हे प्रश्न एकेका शब्दाचे आहेत, वेन, वी, आणि ते दुसऱ्या बाजूने यायला हवेत, म्हणजे इअरफोन लावला तर एका कानातून हाक आणि दुसऱ्या कानातून प्रश्न. आणि या सगळ्याच्या वरून मुलांचा आवाज एक वेगळंच भजन संथपणे गात जातो. आता क्लेम्परर या कंडक्टरचं (गायक-वादकांना हाताच्या इशाऱ्यांनी चालवणारा) १९६१ चं रेकॉर्डिंग लावा, हा कोरस ११ मिनिटांच्या वर जातो, प्रचंड वजन आहे त्याला, एकेक पाऊल जड. मग दुसरा कंडक्टर गार्डिनर, त्याचं १९८८ चं लावा, तेच साधारण ७ मिनिटांत, जुन्या पद्धतीची वाद्यं, क्वायर लहान, लय जवळजवळ नाचरी. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा गार्डिनर, कारण तिन्ही थर वेगवेगळे कानावर पडतात आणि रचना कशी बांधलीय ते कळतं, ते एकदा कळलं की क्लेम्परर जास्त भिडतो.

दुसरी गोष्ट आवाज कोणाचे आणि जागा कुठली. यासाठी आलेग्री या संगीतकाराचं मिझेरेरे घ्या, बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ५१ वं स्तोत्र, १७ व्या शतकात सिस्टीन चॅपलसाठी बांधलेलं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं १९६३ चं रेकॉर्डिंग इंग्रजीत आहे आणि त्यातला वरचा सी, म्हणजे अगदी उंच सूर, एक लहान मुलगा गातो, रॉय गुडमन, जो पुढे कंडक्टर झाला. टॅलिस स्कॉलर्स या गायकगटाचं १९८० चं लॅटिनमध्ये, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपलमध्ये केलेलं, वरचे सूर बाईच्या आवाजात, आणि ते सूर गाणारा छोटा गट मुद्दाम लांब उभा केलाय. वरचा सूर लागला की लगेच पुढे जाऊ नका, सूर सुटल्यावर घुमारा किती वेळ राहतो आणि पुढचा शब्द त्यात बुडतो का तेवढं ऐका. मला मर्टनचा घुमारा आवडतो पण मुलाच्या आवाजातला सरळपणा तिथे नाही, हे कबूल करावंच लागतं.

क्वायर केवढा हेही बघा. बाखचं बी मायनर मास (चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत) कंडक्टर जोशुआ रिफकिनने १९८२ मध्ये आवाजाच्या एका ओळीला एकच गायक असं रेकॉर्ड केलं, शंभर जणांच्या क्वायरची सवय असेल तर हे आधी उघडंबोडकं वाटेल, दोन दिवस द्या. संगीतकार फोरेच्या रेक्वियमला (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) कुठली आवृत्ती ते तपासा, १८९३ ची छोटी की १९०० ची मोठ्या ऑर्केस्ट्राची. लॅटिनचे उच्चारही बदलतात, ‘देवाचं कोकरू’ हे इटालियन पद्धतीत आन्युस देई, जर्मन पद्धतीत आग्नुस देई.

ॲपवर कंपोझर आणि कंडक्टर दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर झोपेसाठीच्या प्लेलिस्टमधले तुकडे येतात. दिसणारं वर्ष बऱ्याचदा री-इश्यूचं असतं. शफल आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणं) बंद. आणि लोकलमध्ये ऐकून मत बनवू नका, हळू जागा सगळ्या गाडीच्या आवाजात जातात, रात्री पंखा बंद करून ऐका.

जमलं तर एकदा प्रत्यक्ष ऐकाच. काळा घोड्याचं रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्येच बंद झालं, पण फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, कुलाब्याचं अफगाण चर्च आहे, एनसीपीएची सभागृहं आहेत, परांज्योतीसारखे क्वायर मुंबईतलेच. दगडी भिंतीतून आवाज कसा परत येतो ते एकदा कानात बसलं की रेकॉर्डिंगमधला खोटा, नंतर चिकटवलेला घुमारा पटकन ओळखू येतो.

मोझार्टच्या रेक्वियमला हीच पद्धत लावायची असेल तर लाक्रिमोसा हा भाग घेऊ नका, त्यात मोझार्टने स्वतः लिहिलेले पहिले आठच बार (तालाची मापं) आहेत आणि तिथे सगळेच क्वायर छान वाटतात. क्युरिये हा भाग घ्या. बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) एक थीम, म्हणजे सुरावट, घेऊन सुरू होतो, लगेच मागून ऑल्टो (बायकांचा खालचा आवाज) दुसरी घेऊन येतो, आणि कुठला क्वायर स्वच्छ गातोय, कुठला गढूळ, ते अर्ध्या मिनिटात कळतं.